आबांना पाय दाखवणे

उजव्या पायाची करंगळी काढली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. भूल उतरल्यावरही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिथली रिकामी जागा दिसली. बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी तिला विचारलं, डब्यात काय आणलंय. मुगाची खिचडी होती. मी ती सगळी खाल्ली आणि झोपलो.

भेटायला येणाऱ्यांना वाटायचं, केवढा धीराचा माणूस आहे. तसं ते बोलूनही दाखवायचे. धीरबीर काही नव्हता. बोट आपलं होतं आणि ते आता नाही, एवढं डोक्याला कळत होतं. त्यापुढे काही हलतच नव्हतं.

मला शुगर आहे. मधुमेह हा शब्द आमच्याकडे फक्त दवाखान्याच्या भिंतीवर असतो. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या सळया करणारी एक मिल आहे, तिच्या वजनकाट्यावर मी कामाला आहे. भंगाराचा ट्रक आत येतो, मी वजन लिहितो. सळयांचा ट्रक बाहेर जातो, मी वजन लिहितो. मिलमध्ये एकदा सगळ्या कामगारांची तपासणी झाली आणि बोअरला पाणी निघावं तशी माझी शुगर निघाली. त्या आठवड्यात जो तो डॉक्टर झाला होता. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी जांभळाच्या बिया. एका पाहुण्याने तर मेथीचे दाणे घरी आणून दिले आणि समोर बसून खायला लावले. मी आधी घाबरलो, मग चिडलो. लग्नात वाढपी पुढ्यात आला की कुणीतरी ओरडायचंच, यांना बुंदी नको, यांना शुगर आहे. त्या वाढप्याच्या हातातलं ताट हिसकावून घ्यावं इतका राग यायचा.

नंतर राग येणंही बंद झालं. ते नेमकं कधी झालं ते सांगता येणार नाही. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. शुगर मोजायचं यंत्र शोकेसमध्ये, मुलीच्या लग्नातल्या फोटोच्या मागे. रिपोर्ट काढायचा, पण पाकीट उघडायचं नाही. कुणी विचारलं, कसं वाटतंय, तर बरं म्हणायचं. पायांना आधी मुंग्या यायच्या, त्याही यायच्या थांबल्या. मला वाटलं, चला, एक त्रास कमी झाला.

असा मी, मे महिन्यात गहू वाळत घालायला स्लॅबवर गेलो. वर्षाचा गहू कोठीत भरायच्या आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात घालतात. जुन्या साड्या अंथरून त्यावर गहू पसरायचा आणि तासातासाने खालीवर करायचा. खालीवर करायला हात लागत नाही. गव्हातून पाय ओढत चालायचं, म्हणजे चर पडतात आणि खालचा दाणा वर येतो. हे अनवाणीच करतात. धान्यावर चप्पल घालून कुणी चढत नाही, आमच्या घरात तर तसा विचारही कुणाच्या मनात येणार नाही. लहानपणी पाय भाजायला लागले की आम्ही पळत सावलीत जायचो आणि पुन्हा यायचो. त्या दिवशी पाय भाजले नाहीत, म्हणून मी सावलीत गेलो नाही. गहू हलवून झाला, तेवढ्यात मिलमधून फोन आला. मी साडीच्या बाहेर, उघड्या स्लॅबवर उभा राहून, कुठल्या ट्रकचं वजन कुठं लिहिलंय ते सावकाश समजावून सांगितलं.

संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. आबा म्हणजे माझे वडील. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ओल्या पायानं कोण हिंडून राह्यलं घरात?"

कुणीच हिंडत नव्हतं. फरशीवर ओले ठसे होते, एकाआड एक, फक्त उजव्या पायाचे. आबांनी ठशांवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"पाणी न्हाई हे," ते म्हणाले. "पाय बघू."

तळपायाला आलेला फोड फुटला होता. करंगळीच्या बाजूची कातडी सुटून लोंबत होती. मी दुपारपासून तसाच घरभर फिरलो होतो, चहा प्यायलो होतो. पुढे दवाखाना, ड्रेसिंग, इंजेक्शनं. महिनाभरात बोट काळं पडलं आणि काढावं लागलं. सोडताना डॉक्टर म्हणाले, "या वेळी बोटावर भागलं. पुढची जखम अशीच वाढवून आणलीत तर पाऊल वाचायचं नाही." मग त्यांनी दवाखान्यातच पायांची काळजी समजावून सांगणाऱ्या एका मुलीकडे पाठवलं. तिच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. त्यातला एक ओढून तिने विचारलं, "काका, उदास वाटतं का? कशातच मन लागत नाही, असं होतं का?"

"काही वाटत नाही," मी म्हणालो.

तिने 'नाही'च्या चौकोनात खूण केली. तिची चूक नव्हती. मी बरोबर तेच सांगितलं होतं, फक्त तिला ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर वाटलं. निघताना तिने एक हातातला आरसा दिला. रोज संध्याकाळी आरसा पायाखाली धरायचा, तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. मी घरी येऊन तो आरसा कॅलेंडरच्या मागे खोचला.

आता आबांविषयी सांगायला पाहिजे. आमचं मूळ घर मेंढपाळांचं, जाफराबादकडचं. आबांनी हयात मेंढरांमागे काढली. दिवसभर चारून आणलं की संध्याकाळी ते कळपाच्या मागे उभे राहायचे आणि सगळी मेंढरं पुढून चालवायचे. एखादं जरा पाय उचलून टाकतंय असं दिसलं, की त्याला धरून गुडघ्यांत दाबायचं, खूर उलटा करायचा, चाकूने माती काढायची, दोन बोटांनी खूर फाकवून वास घ्यायचा. खूर सडायला लागला की डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. काटा असला तर काढायचा, औषध लावायचं आणि "साफ हाये" म्हणून सोडून द्यायचं. पावसाळ्यात तर एकही मेंढरू न तपासता ते जेवायला बसायचे नाहीत. "मेंढरू काय बोलून दाखवतं का?" म्हणायचे.

आई गेल्यावर मी त्यांना जालन्याला आणलं. चरायला रान उरलं नव्हतं आणि मेंढरांमागे जाणारं घरात कुणी नव्हतं. कळप विकला. विकायचं मी ठरवलं, त्यांनी मान हलवली. शहरात आल्यावर ते ओट्यावर बसून राहायचे आणि रस्त्याने शेळ्या गेल्या की अंगठ्याने बोटांची पेरं मोजायचे. करमतं का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. माझं मलाच कुठे काय कळत होतं.

दवाखान्यातून आल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी, सहाच्या सुमाराला, त्यांनी ओट्यावर स्टूल आणून ठेवलं आणि त्याच्यासमोर खाली बसले.

"पाय दे," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पाय मागे घेतला. सणावाराला ज्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं, त्यांच्या हातात आपला पाय द्यायचा? असलं पाप नको, असं मी म्हणालो. बायको दारात होती, ती आत निघून गेली.

"मेंढराच्या पायाला हात लावलेला चालतो," आबा म्हणाले, "आन पोराच्या न्हाई चालत?"

"मी बघतो ना, आबा. आरसा दिलाय."

"कुठं हाये आरसा?"

तो कॅलेंडरच्या मागेच होता. खरं सांगायचं तर वाद घालायचीही इच्छा नव्हती. पाय काय, गेला तरी आणि राहिला तरी. मी खुर्ची ओढून बसलो आणि तो स्टुलावर ठेवला.

त्यांनी धोतराच्या टोकाने हात पुसले. टाच तळहातात घेतली, अंगठ्याने तळवा दाबत दाबत पुढे गेले, एकेक बोट फाकवून बेचकी कोरडी केली, जिथे करंगळी होती तिथल्या टाक्यांभोवती बोट फिरवलं. मग वाकून वास घेतला. मी रस्त्याकडे बघत होतो. मला त्यांचा हात लागत असल्याचं घोट्याच्या वर कळत होतं, खाली काही नाही.

"साफ हाये," ते म्हणाले. "दुसरा दे."

ते रोजचंच झालं. साडेपाचला मिल सुटायची, सहाला मी घरी, हातपाय धुतले की स्टूल तयार. समोरचे काका दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी फाटकाशी येऊन म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला पाय चेपायला लावता, लाज वाटत नाही?" त्या दिवशी मला बऱ्याच दिवसांनी राग आला. मी आबांना म्हटलं, आपण आतल्या खोलीत बसत जाऊ.

"आत काय दिसतंय?" आबा म्हणाले. "उजेड इथं हाये." आणि त्या काकांना म्हणाले, "चेपत न्हाई, तपासून राह्यलो. तुमचा बघू का?" काका गेले ते पुन्हा काही बोलले नाहीत.

त्यांना दोन फोड सापडले, एकदा बुटातल्या खड्याने खरचटलेलं सापडलं. प्रत्येक वेळी वेळेत औषध झालं. पाऊल वाचलं ते त्यांच्यामुळे, हे मला कळत होतं. पण मी पाय द्यायचो तो मेंढरासारखाच. धरला तर धरला. गोळ्यांचं तेच, पाकिटांचं तेच. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, जखमा भरायला फार वेळ लागतोय, शुगर खाली आणा. मी हो म्हणायचो.

मधे वर्ष गेलं असेल. एका पावसाळ्यात आबा आपणहून म्हणाले, "आज आतच बसू." मला वाटलं, पाऊस आहे म्हणून. पाऊस थांबला तरी ते आतच बसायला लागले. खोलीत दिवा लावायचंही त्यांना सुचायचं नाही, बायको येऊन लावायची. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

एक दिवस मिलमध्ये बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला होता. घरी येऊन पाय धुतले आणि स्टुलावर उजवा ठेवला. टाचेच्या बाजूला चीर होती, लाल, ओली, बोटाच्या पेराएवढी. मला बसल्या जागेवरून दिसत होती. आबांनी टाच हातात घेतली. अंगठा चिरेच्या कडेपर्यंत आला आणि तिला लागून पुढे गेला. त्यांचे डोळे पायाकडेच होते. त्यांनी वास घेतला. ताज्या जखमेला वास कसला येणार?

"साफ हाये," ते म्हणाले. "दुसरा दे."

मी दुसरा दिला. आणि मला भीती वाटली.

किती वर्षांनी वाटली ते मला त्याच वेळी जाणवलं. भीती पायाची नव्हती. आबांना दिसत नाही, ही पहिली. दुसरी त्याहून मोठी होती. उद्या ही जखम चिघळली, तर ज्या पायाला ते साफ म्हणाले तो पाय कापला जाईल आणि ते त्यांना कळेल. कळप मी विकायला लावला होताच. आता हेही त्यांच्या हातून जाईल आणि तेही माझ्यामुळे.

त्या संध्याकाळी मी कॅलेंडरच्या मागचा आरसा काढला आणि डब्याच्या पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी काट्याच्या केबिनमध्ये, पाच वाजता, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, दार लावून मी बूट काढला. स्वतःचा तळवा मी तोपर्यंत नीट असा कधी पाहिलाच नव्हता. पिवळट, जाड, टाचेला बारीक भेगा. अनोळखी माणसाचा वाटला. जखम धुतली, मलम लावलं, वर मोजा चढवला आणि घरी जाऊन तो पाय आबांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"साफ हाये."

मग मला ते वाक्य खरं करायचं वेड लागलं. साफ म्हणाले तर पाय साफच असला पाहिजे. जखम लवकर भरायची तर शुगर खाली पाहिजे, आणि शुगर खाली यायची तर गोळ्या वेळेवर पाहिजेत. म्हणून गोळ्या घेतल्या. काट्यावर ट्रकवाल्यांबरोबरचा गोड चहा बंद केला. शोकेसमधलं यंत्र काढलं, त्याचे सेल बदलले. सकाळी कॉलनीला चार फेऱ्या, पायात नीट मापाचे बूट. यातलं एकही मी स्वतःसाठी केलं नाही. स्वतःसाठी करायचं तर मी मागेच केलं असतं. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला आणि विचारलं, "काय केलंत?" मी म्हणालो, काही नाही. पाकीट मात्र तिथेच उघडलं होतं.

मन एकदम ताळ्यावर आलं, असं झालं नाही. अजूनही पुष्कळ दिवस सपाट जातात. पण पाच वाजता आरसा काढताना धाकधूक व्हायची, आणि ती व्हायची याचंच बरं वाटायचं.

डोळ्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. शेवटी माझ्याच डोळ्यांचा नंबर काढायचाय म्हणून मी आबांना सोबत नेलं आणि तिथे त्यांनाही बसवलं. मला वाटलं होतं मोतीबिंदू असेल, काढला की झालं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी टिकवायला थेंब घालत राहायचे.

बाहेर येऊन आम्ही रसवंतीच्या बाकड्यावर रिक्षाची वाट बघत बसलो. त्यांच्यासाठी रस घेतला, माझ्यासाठी पाणी.

"आबा, तुम्हाला कधीपासून दिसत नाही?"

"लई दिवस झाले. कडंकडंनं गेलं. मधलं थोडं दिसतंय."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी रस संपवला. ग्लास बाकड्यावर ठेवायच्या आधी बाकड्याची कड चाचपली.

"सांगितलं असतं तं तू पाय दिला असता का?"

नसताच दिला.

"आन तू तिकडून मलम लावून येतो," ते म्हणाले. "मला काय वास येत न्हाई? पहिल्या दिवशीच कळल्तं. म्हणलं, बिलकुल बोलायचं न्हाई. बघून राह्यला तो, बघू दे."

रिक्षा आली. मी त्यांचा हात धरून त्यांना बसवलं. मला रडू येत होतं, आणि ते येतंय हे मी त्या रिक्षात बसून अगदी लक्ष देऊन बघत होतो.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. मला वाटलं, आता हे संपलं. दोघांनाही सगळं माहीत असताना कशाला कोण बसेल? मी हातपाय धुऊन बाहेर आलो तर स्टूल ओट्यावर होतं, आतल्या खोलीत नाही. आबा त्याच्यासमोर खाली बसले होते आणि तळहाताने स्टुलावर थापटत होते. समोरचे काका फाटकात उभे होते. मी उजवा पाय ठेवला.

त्यांनी धोतराने हात पुसले. टाच घेतली, तळवा दाबला, चारही बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, वाकून वास घेतला. नंतर मान वर करून, मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे बघितलं.

"साफ हाये का?" त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत ते विचारत नव्हते, सांगत होते. मी वाकून पाय नीट बघितला. दुपारी आरशात बघितला होता तरी पुन्हा बघितला.

"साफ आहे, आबा," मी म्हणालो.

"मंग दुसरा दे."